एकक : पावलं

मामा लुडगार्डिस उभी राहिली तेव्हा
सभेतली कॉफी निवून गेली होती.
(आमच्या बेटावर आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात.)
ती म्हणाली, झरा वर आहे, आम्ही खाली.
मधली पावलं मोजलीत मी.
रिकाम्या डब्यानं दोन हजार एकशे बारा.
भरल्या डब्यानं जास्त भरतात,
आखूड पडतात ना.

मी लिहून घेतलं.
मी हिरोनिमुस वुवुर, जिल्ह्याच्या नियोजन कचेरीतला.
जानेवारीभर डोंगर उतरतो, चढतो,
मागण्या गोळा करतो
अंडी गोळा करावीत तशा,
आणि तालुक्याला पोचेपर्यंत
दोन-चार फुटतातच.

फेब्रुवारीत तालुक्याला अकरा गावं, अकरा झरे,
शिवाय एक पूल,
ज्याचं दुसरं टोक शेजारच्या जिल्ह्यात निघालं
म्हणून तो कुणीच मागितला नाही.
मार्चमध्ये आमच्या दालनात, पंख्याखाली,
मामाच्या वाक्याची वाटणी झाली
भाऊ वेगळे निघताना होते तशी:
पाइप प्रांताकडे,
टाकी आमच्याकडे,
झरा राखीव जंगलात, तो थेट राजधानीकडे.
मामाकडे एक क्रमांक आला. सदतीस.

संगणकात एककाचा रकाना होता.
मीटर, नग, पॅकेज.
मी 'इतर' निवडलं, टाइप केलं: पावलं, २११२.
पडद्यावर लाल अक्षरं: एकक अमान्य.
मग चौदाशे मीटर लिहिले.
हिरवं झालं.
भरलेला डबा त्यात कुठे मावला नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून,
असं म्हणून कुणालाही गप्प बसवता येतं.
इथे आडात होतं.
पोहराही मंजूर होता.
दोर तेवढा तिसऱ्या खात्याचा,
आणि त्या खात्याची बैठक
दरवेळी आमच्या बैठकीच्याच दिवशी.

डिसेंबरच्या सव्वीस तारखेला ट्रक आला.
प्रांताचा पैसा एकतीसला मरणार होता,
म्हणून पाइप घाईनं जन्मले.
चर्चच्या भिंतीला टेकवून रचले, निळेशार,
नाताळच्या गोठ्याशेजारी.
गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्या
त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मी प्रांतातल्या कोर्नेलिसला फोन लावला.
तो म्हणाला, आमचं शंभर टक्के, बघ, हिरवं दिसतंय.
मी आमचं पान उघडलं. तेही हिरवं.
टाकीचं वर्ष अजून आलंच नव्हतं,
मग उशीर कसला?
राजधानीतली बाई गोड आवाजात म्हणाली,
परवानगी प्रक्रियेत आहे.
तिघंही वेळेवर होतो.
फोन ठेवताना कोर्नेलिसनं हळूच विचारलं,
तुमच्या त्या मामाचं गाव नेमकं कुठल्या बाजूला रे?
सहा वर्षं आम्ही एकच नकाशा रंगवत होतो.
मला सांगता आलं, त्याला सांगता येईना.
तो म्हणाला, पुढच्या खेपेला मीही येतो.
आला नाही अजून. प्रवासभत्ता तिसऱ्या शीर्षात आहे.

जानेवारी परत आला. मीही गेलो.
पाइपांवर मिरच्या वाळत होत्या,
एका तोंडात कोंबडी बसली होती
आणि उठायला तयार नव्हती.
पोरांना खेळ सापडला होता:
एकानं या टोकाला ओरडायचं, कोण बोलतंय?
दुसऱ्यानं त्या टोकाहून, जड आवाजात:
राजधानी!
मामा लुडगार्डिस हसता हसता खाली बसली,
डबा तसाच डोक्यावर.
मला म्हणाली, यंदा पण लिहून घेणार का?
लिहितो, म्हणालो.
तेवढंच लिही मग, काही गाळू नको.

तपासणीचं निमित्त करून मी वाकलो,
पाइपाला तोंड लावून
टाकीचा मंजुरी क्रमांक वाचला, पूर्ण, चौदा अंकी,
वर्षासकट.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला:
काही ऐकू येत नाही,
जवळ या.